नायटा आणि त्याचे मलम



पावसाळा सुरू झाला, लावणीची कामे निघाली, की चार-आठ दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. भिजलेले कपडे अंगावरच वाळतात आणि मग कमरेला, जांघेत, काखेत वाटोळे तांबूस चट्टे उठतात. खाज अशी सुटते की चारचौघांत बसवत नाही. याला कोणी नायटा म्हणतात, कोणी गजकर्ण म्हणतात. लहान मुलांच्या डोक्यात होणारे खवडे, तेही पुष्कळदा याच कुळातले. या रोगाने माणूस सहसा दगावत नाही, त्यामुळे त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. शिवाय जागा अशी अवघड की डॉक्टरला दाखवायची लाज वाटते. मग काय, बाजाराच्या दिवशी दुकानातून मलमाची एक नळी आणायची, चार दिवस चोळायची आणि विसरून जायचे, असा आपला शिरस्ता होऊन बसला आहे.

मी वैद्य नव्हे. इतिहास शिकविणारा माणूस आहे. तरी या विषयावर बोलावयाचे ठरविले, याचे कारण असे की नायट्याच्या औषधांनाही इतिहास आहे आणि त्या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा घडलेली दिसते. चट्टा पुसणारे किंवा खाज थांबविणारे काहीतरी हाती आले की लोकांनी, कधी कधी शहाण्या डॉक्टरांनीही, त्यालाच रोगाचे औषध मानले. आणि त्याची किंमत पुढे कोणाला तरी मोजावी लागली. तीच गोष्ट आज आपल्या घराघरांत घडत आहे. ती कशी, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

आपल्या जुन्या वैद्यांना हा रोग चांगला ठाऊक होता. संस्कृतात त्याचे नाव दद्रु. चरकसंहितेत आणि सुश्रुतसंहितेत त्याची गणना कुष्ठांमध्ये, म्हणजे त्वचारोगांच्या मोठ्या वर्गात केलेली आहे. गंमत अशी की चरकाने त्याला क्षुद्र कुष्ठांत बसविले, तर सुश्रुताने महाकुष्ठांत. हा रोग लहान म्हणावा की मोठा, हा प्रश्न इतका जुना आहे! पावसाळ्यात माळरानावर आणि बांधावर उगवणारा आपला टाकळा सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजीही आपण खातो. त्याचे संस्कृत नाव चक्रमर्द, म्हणजे चक्राचा चुराडा करणारा. आणि दुसरे नाव दद्रुघ्न, म्हणजे दद्रूचा नाश करणारा. टाकळ्याचे बी वाटून नायट्यावर लावण्याची रीत या नावांतच साठविलेली आहे.

पण या रोगाचे कारण काय, हे मात्र कोणाला दिसले नव्हते. दिसत होते ते फक्त वर्तुळ. इंग्रज त्याला 'रिंगवर्म' म्हणत, म्हणजे वर्तुळाकार किडा. लॅटिनमध्ये 'टिनिया' म्हणत, म्हणजे कपड्याला लागणारी कसर. आपण त्यात हत्तीचा कान पाहिला आणि गजकर्ण म्हटले. प्रत्यक्षात त्यात किडाही नाही आणि कसरही नाही. मग आहे तरी काय?

याचा पहिला धागा सापडला तो इटलीत, आणि तोही माणसाच्या अंगावर नव्हे, तर रेशमाच्या किड्यांवर. आगोस्तिनो बास्सी नावाच्या गृहस्थाने वर्षानुवर्षे खपून १८३५ साली दाखवून दिले की रेशमाच्या किड्यांना मारणारा एक रोग सूक्ष्म बुरशीमुळे होतो आणि एका किड्याकडून दुसऱ्याकडे जातो. ते वाचून शॉनलाइन या जर्मन वैद्याने माणसाच्या डोक्यातील खवड्यांची खपली सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवली. तिच्यातही बुरशीच निघाली! ही गोष्ट १८३९ सालची. पाठोपाठ पॅरिसमध्ये राहणाऱ्या डेव्हिड ग्रुबी या हंगेरियन डॉक्टरने १८४१ ते १८४४ या चार वर्षांत डोक्यातील आणि दाढीतील नायट्याच्या निरनिराळ्या बुरशा ओळखून त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. शिक्षक बंधूंनी एवढे ध्यानात घ्यावे की क्षयाचा जंतू कॉख याने शोधला तो १८८२ साली. म्हणजे त्याच्या चाळीस वर्षे आधी नायट्याचे खरे कारण सापडले होते. परंतु ग्रुबीचे काम बरीच वर्षे दुर्लक्षित राहिले.

आता ही बुरशी करते काय? भाकरी शिळी झाली की तिच्यावर बुरशी येते, ती भाकरी खाते. नायट्याची बुरशी आपल्या कातडीचा वरचा मेलेला थर, केस आणि नखे खाते. या तिन्हींत केराटिन नावाचे एकच द्रव्य असते. जनावरांची शिंगे आणि खूरही त्याचेच. दमट आणि उबदार जागा मिळाली की ती एका ठिपक्यापासून चोहोबाजूंनी पसरत जाते, जसा माळावरचा वणवा मध्ये विझतो आणि कडेने पुढे सरकतो. म्हणून नायट्याचा मधला भाग बरा झालेला दिसतो आणि कड लाल, उचललेली, खाजरी असते. खरी बुरशी त्या कडेला असते, आणि कडेच्या पलीकडे जी कातडी चांगली दिसते तिच्यातही ती थोडी शिरलेली असते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर मलम कुठे लावावे आणि किती दिवस लावावे, हे आपोआप उमगते.

आता औषधांकडे वळू. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात नायट्यावर एक पिवळसर तपकिरी भुकटी मिळत असे. तिला 'गोवा पावडर' म्हणत. ती गोव्याहून येई, म्हणून हे नाव. पण ती होते कुठे, कशाची, हे कोणी सांगत नसे. १८६४ साली मुंबईतील केंप नावाच्या औषधविक्रेत्याने तिच्याकडे विलायतेतील लोकांचे लक्ष वेधले. पुढे १८७४ साली कलकत्त्याचे डॉक्टर जोसेफ फेअरर यांनी तिच्याविषयी लिहिले. तो मजकूर सातासमुद्रांपलीकडे ब्राझील देशातील बाहिया येथे डॉक्टर दा सिल्वा लिमा यांच्या वाचनात आला आणि त्यांनी ओळखले की ही तर आपल्याकडची 'अरारोबा'! ब्राझीलच्या जंगलातील एका मोठ्या झाडाच्या खोडातील भेगांत ही भुकटी साठते. ब्राझील आणि गोवा या दोन्ही ठिकाणी पोर्तुगिजांचे राज्य होते. ज्या वाटेने काजू आपल्या कोकणात आला, त्याच वाटेने ही भुकटी गोव्यात आली आणि तिथून मुंबईला.

या भुकटीत क्रिसॅरोबिन नावाचे द्रव्य असते. आपल्या टाकळ्यात असलेले द्रव्य त्याचेच नातलग. गुण तिच्यात होता. बुरशी लागलेली कातडी ती सोलून काढी. पण ती भाजतही असे. कपड्यांवर न जाणारे डाग पडत, आणि चुकून डोळ्याला बोट लागले तर डोळा सुजून बंद होई. ते झाड तोडणाऱ्या मजुरांचे चेहरे आणि डोळेही असेच सुजत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लंडनच्या आर्थर व्हिटफील्ड या डॉक्टरने बेंझॉइक आम्ल आणि सॅलिसिलिक आम्ल यांचे मलम प्रचारात आणले. ते त्यामानाने सौम्य आणि स्वस्त असल्याने शंभर वर्षे टिकून राहिले. त्याचेही मुख्य काम कातडीचा वरचा थर सोलण्याचे. कोवळ्या जागी तेही झोंबते.

डोक्यातल्या नायट्यावर मात्र यांपैकी कशाचीच मात्रा चालत नसे, कारण बुरशी केसाच्या मुळाशी जाऊन बसलेली असते. अशा मुलांना शाळेत घेत नसत. पॅरिसच्या सेंट लुई इस्पितळातील रेमाँ साबुरो हा या विषयातला थोर पंडित. ग्रुबीचे विसरलेले काम त्यानेच पुन्हा उजेडात आणले. १९०४ साली त्याने डोक्यावर क्ष-किरण सोडून केस पाडण्याची पद्धत बसविली. केस गेले की त्यांच्याबरोबर बुरशीही जाई आणि नंतर नवे केस उगवत. ज्या मुलांची वर्षे वाया जात, ती काही महिन्यांत बरी होऊन शाळेत परतू लागली. सर्व जगाने ही पद्धत उचलली. काही ठिकाणी केस पाडण्यासाठी थॅलियम या विषाचे क्षारही पोटात देत. त्यात काही मुले दगावली.

क्ष-किरणांनी ताबडतोब कोणी दगावले नाही. त्याचा हिशेब फार उशिरा लागला. इस्राएल देशात १९४८ ते १९६० या काळात बाहेरून येऊन वसलेल्या हजारो मुलांच्या डोक्यांवर असे किरण सोडले गेले. १९७४ साली अशा सुमारे अकरा हजार मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि आढळले की त्यांच्यात मेंदूच्या व गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या गाठींचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक आहे. १९९४ साली त्या सरकारला भरपाईचा कायदा करावा लागला. साबुरो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याला मुलांची दयाच होती. पण लवकर दिसणारा गुण सर्वांनी पाहिला आणि उशिरा दिसणारा दोष पाहण्यासाठी कोणी थांबले नाही.

ही पद्धत मागे पडली ती एका गोळीमुळे. १९३९ साली इंग्लंडमध्ये एका बुरशीपासून ग्रिझिओफुल्विन नावाचे द्रव्य वेगळे केले गेले. प्रथम त्याचा विचार झाला तो पिकांवरील बुरशीसाठी. १९५८ साली ग्लासगोच्या जेंटल्स या संशोधकाने नायटा झालेल्या गिनीपिगांना ते पोटातून दिले आणि त्यांचा नायटा बरा झाला. हे औषध नव्या उगवणाऱ्या केसात आणि नखात जाऊन बसते, त्यामुळे बुरशीला नवे अन्न मिळत नाही. मात्र केस आणि नख वाढायला वेळ लागतो, म्हणून ते आठवडेच्या आठवडे घ्यावे लागते.

याच सुमारास, १९५० साली, न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यखात्यातील एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन स्त्रियांनी मातीतील एका जंतूपासून निस्टॅटिन काढले. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत; मातीचे नमुने आणि अर्क टपालाने ये-जा करीत. पुढे त्या औषधाचे लक्षावधी डॉलर्स आले, ते दोघींनी संशोधनासाठी देऊन टाकले. परंतु निस्टॅटिन चालते ते तोंडात किंवा ओल्या घड्यांत होणाऱ्या दुसऱ्या एका बुरशीवर. नायट्यावर ते चालत नाही. बुरशीचे औषध म्हटले म्हणजे ते सगळ्या बुरशांवर चालते, असे नाही. त्यानंतर क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल आणि पुढे टर्बिनाफिन ही औषधे आली. ही कातडी सोलत नाहीत. बुरशीच्या पेशीभोवतीच्या पडद्याला जो स्निग्ध पदार्थ लागतो, तोच ती तयार होऊ देत नाहीत. न भाजणारे, थेट बुरशीवर चालणारे मलम अखेर माणसाच्या हाती आले.

मग अडचण कुठे आली? अडचण आली ती शेजारच्या दाराने. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड जातीचे औषध कातडीवर लावण्यास सुरुवात झाली. इसबासारख्या रोगांत ते फार उपयोगी ठरले आणि आजही, डॉक्टरने सांगितल्यास, ठरते. ते सूज आणि खाज झपाट्याने कमी करते. पण ते बुरशीला मारीत नाही. उलट बुरशीशी झुंजणारी शरीराची जी शक्ती, तिलाच ते झोपविते. गावात चोर शिरला आणि ओरडणाऱ्या राखणदाराच्या तोंडात बोळा कोंबला, तर गाव शांत होईल. चोर काही जाणार नाही! १९६८ साली इंग्लंडमधील आइव्ह आणि मार्क्स या दोन डॉक्टरांनी अशा रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. स्टिरॉइड लावून लावून त्यांच्या नायट्याचे रूपच पालटले होते. कड पुसलेली, वर्तुळ मोडलेले, आणि रोग मात्र दूरवर पसरलेला. त्यांनी त्याला नाव दिले 'अनोळखी नायटा'.

आपल्याकडे पुढे असे झाले की बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि जोरदार स्टिरॉइड अशी तिन्ही एकाच नळीत भरून विकली जाऊ लागली. खरूज असो, इसब असो, नायटा असो, एकच नळी. लावली की दुसऱ्या दिवशी खाज बंद! लोक खूश. आठ दिवसांनी नळी थांबविली की नायटा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येई, आणि माणूस पुन्हा तीच नळी आणी. 'रोग हल्याला आणि औषध पखालीला' ही म्हण आपण हसत हसत म्हणतो, पण इथे ती खरी झाली.

याचे परिणाम डॉक्टरांना गेल्या दहा-पंधरा वर्षांत ठळक दिसू लागले. पूर्वी दोन-चार आठवड्यांत जाणारा नायटा महिनोन्महिने हटेना. घरातल्या एकाला झाला की सगळ्यांना होऊ लागला. २०१८ साली केंद्र सरकारने, वरून लावावयाच्या औषधांना मिळणारी सूट चौदा स्टिरॉइडांच्या बाबतीत काढून घेतली आणि ती डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असे ठरविले. २०२० साली जपानमधील संशोधकांनी भारत आणि नेपाळ येथील रोग्यांच्या नायट्यातील एका बुरशीचे नवी जात म्हणून वर्णन केले. तिच्यावर टर्बिनाफिनसारखे चांगले औषधही पुष्कळदा चालत नाही. त्या जातीच्या नावात आपल्या देशाचे नाव आहे : ट्रायकोफायटन इंडोटिनी. पुढे ती इतर अनेक देशांतही आढळली. स्टिरॉइडच्या नळ्यांचा गैरवापर आणि अर्धवट सोडलेले उपचार यांनी अशा बुरशीला पसरायला मोकळे रान दिले, असे त्वचारोगाच्या तज्ज्ञांचे मत आहे.

तेव्हा आता काय करावे? साध्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, नळीवर काय लिहिले आहे ते वाचावे. अक्षर बारीक आणि बहुधा इंग्रजी असते. इथे गावातल्या शिक्षकांनी पुढे व्हावे. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल, टर्बिनाफिन ही बुरशीची औषधे. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर त्यात स्टिरॉइड आहे असे समजावे आणि ती नळी आपल्या मनाने नायट्याला लावू नये. वेष्टनावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीनेच घ्यावयाचे असते. जोरदार स्टिरॉइडने कातडी पातळ होते आणि जांघेत, काखेत भेगांसारखे कायमचे वण पडतात. अशी नळी पुष्कळ दिवस लावली असेल, तर लपवून न ठेवता डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

दुसरी, मलम लावण्याची रीत. जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी. ओल्या अंगावर मलम लावू नये. थर पातळ असावा. जाड थापून गुण जास्त येत नाही. बुरशी कडेला असते हे सांगितलेच आहे, म्हणून चट्ट्याच्या बाहेर दोन बोटे चांगल्या कातडीपर्यंत लावावे आणि बाहेरून आत यावे. नंतर हात साबणाने धुवावे. डोळ्यांत, तोंडात जाऊ देऊ नये. फार आग झाली किंवा फोड आले, तर मलम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

तिसरी, मुदत. खाज चार-सहा दिवसांत कमी होते. तिथेच बहुतेक जण मलम सोडतात, आणि तिथेच घोटाळा होतो. खाज थांबणे म्हणजे बुरशी मरणे नव्हे. औषधाच्या जातीप्रमाणे दोन ते चार आठवडे, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस मलम लावावे. डोक्यातला आणि नखातला नायटा नुसत्या मलमाने जात नाही. त्याला पोटातून औषध लागते. गरोदर बाई, तान्हे मूल, मधुमेहाचा रोगी, किंवा अंगभर पसरलेला नायटा असेल, तर घरगुती प्रयोग न करता दवाखाना गाठावा. दोन आठवडे नीट मलम लावूनही फरक पडला नाही तरी तसेच करावे.

चौथी गोष्ट घराची. पंचा, टॉवेल, अंतर्वस्त्रे ज्याची त्याने वापरावीत, गरम पाण्याने धुवावीत आणि कडक उन्हात वाळवावीत. आंघोळीनंतर जांघा आणि बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या कराव्यात. घरात आणखी कोणाला खाज असेल तर सर्वांचे उपचार एकदमच करावेत, नाहीतर रोग घरातल्या घरात फिरत राहतो. गोठ्यातल्या वासराच्या तोंडाभोवती किंवा मानेवर करड्या, वाटोळ्या, केस गेलेल्या खपल्या दिसल्या तर गुरांच्या डॉक्टरांना दाखवावे. तो नायटा माणसालाही लागतो.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. वर्गातल्या मुलाच्या डोक्यात किंवा मानेवर चट्टा दिसला तर त्याला सर्वांदेखत उठवून वेगळे बसवू नका. मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घ्या, आई-वडिलांना बोलावून सांगा, आणि घरात जी नळी चालू असेल ती शाळेत आणायला सांगून तिच्यावरचे नाव त्यांना वाचून दाखवा. दोन मिनिटांचे काम आहे. एवढे केलेत, तरी त्या घरातला नायटा योग्य वाटेला लागेल.